महिन्याला किती पीस? एक!

पनवेलमध्ये गाळा घेऊन सीएनसी लेथ टाकायचं मनात आणलंत, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘महिन्याला किती पीस काढणार?’ मशीन विकणारा विचारतो, बँकेतले साहेब विचारतात, सबसिडीचा फॉर्म भरून देणारा सल्लागार विचारतो, आणि मेकॅनिकलला इंजिनिअरिंग केलेला मावसभाऊ तर नक्कीच विचारतो. माझं उत्तर ऐकून चौघंही सारखंच हसतात. उत्तर आहे, एक. कधी दोन. फारच झालं तर डझनभर, आणि तेही पुन्हा वर्षभर येणार नाहीत.

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. याच्यामुळे पनवेल, तळोजा, कळंबोलीच्या छोट्या गाळ्यांमध्ये नको ती मशीनं येऊन बसतायत, पोरं पंचविशीतच हप्त्यांना जुंपली जातायत, आणि जे काम आपल्या पायांनी शटरपर्यंत चालत येतं ते परत पाठवलं जातंय.

लेथ कधी पाहिलंच नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. कुंभाराचं चाक आडवं करा, मातीच्या जागी लोखंडाचा तुकडा चकात पकडून फिरवा, आणि बोटांऐवजी टूल लावा. झालं लेथ. लाकूड कातणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. त्याचंच हे लोखंडी घराणं. साध्या लेथवर टूल आत-बाहेर, डावी-उजवीकडे सरकवायला हँडल असतात आणि ती माणूस फिरवतो. सीएनसीमध्ये ते काम मोटरी करतात, आणि कुठे किती सरकायचं हे आकड्यांत लिहून दिलेलं असतं.

आता इन्स्टावर तुम्ही जे रील बघता, दुधासारखं कूलंट उडतंय, चकाचक जॉब तीस सेकंदांत तयार होतोय, ते मशीन म्हणजे स्लँट बेड टर्निंग सेंटर. त्याचा बेड तिरका असतो, म्हणजे लोखंडाचा कीस आपोआप खाली घसरतो. मागे टरेट असतो, त्यावर सहा-आठ टूल आधीच लावून ठेवलेली. चक हायड्रॉलिक, पायाने पेडल दाबलं की उघडतो. दार बंद, हिरवं बटण, दार उघड, पुढचा तुकडा. एकाच मापाचे पाचशे बुश काढायचे असतील तर याच्यासारखं मशीन नाही, हे मी कुठेही लिहून देईन.

दुसरी जात आहे टूलरूम सीएनसी लेथ. टूलरूम म्हणजे कारखान्यातला तो कोपरा, जिथे डाय, जिग, फिक्श्चर असल्या एकेकट्या वस्तू बनतात. हे मशीन दिसायला जुन्या लेथसारखंच. बेड सपाट, चक हाताने आवळायचा, मागे टेलस्टॉक. समोर हँडलही असतात, पण ती इलेक्ट्रॉनिक. हँडल फिरवलं की टूल सरकतं आणि स्क्रीनवर माप दिसतं. साधं टर्निंग करायचं असेल तर प्रोग्रॅम लिहायची गरज नाही, हाताने करा. टेपर, गोलाई किंवा आटे पाडायचे असतील तर स्क्रीनच विचारते : सुरुवात कुठून, शेवट कुठे, पिच किती. चार आकडे भरा, बाकी ते बघून घेतं. अमेरिकेत हास कंपनीची टीएल मालिका, जर्मनीत वायलरची मशीनं याच जातीची. आपल्याकडे राजकोटला सपाट बेडची सीएनसी लेथं बनतात, चीनमधूनही येतात. पण यांची रील कोणी बनवत नाही. एक माणूस डायल गेज लावून शांतपणे चक फिरवतोय, यात बघणार काय?

आता पनवेलमध्ये काम कसलं येतं ते सांगतो. संध्याकाळी सात वाजता तळोज्याच्या केमिकल कंपनीचा मेंटेनन्स फिटर गोणपाटात गुंडाळलेलं पंपाचं शाफ्ट घेऊन येतो. बेअरिंगची बैठक खाल्लेली असते. ड्रॉइंग नाही, पंप कुठल्या साली आला हेही त्याला माहीत नाही. ‘शेठ, सकाळी लाइन चालू करायचीय.’ खाणीवरच्या जेसीबीच्या बकेटची पिन आणि बुश येतात, अंडाकृती झालेले. कर्जत-पेणकडच्या भातगिरणीचा शाफ्ट येतो. करंजाच्या मच्छीमार बोटीचा प्रोपेलर शाफ्ट येतो, त्यावर कुठले तरी इंची आटे, नटाच्या आत गंज. उरणच्या रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रेलरचा हब येतो. माल कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणायचा, ईएन ८ किंवा ईएन २४ चा गोल बार, हवा तेवढा कापून.

हे आजचं नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाकं बनवण्याचा उल्लेख आहे. घाटावरून उतरलेले गाडीवान इथून चाकं घेत. घाटाच्या पायथ्याला गाडी मोडते, म्हणून पायथ्याच्या गावात दुरुस्ती करणारा बसतो. बैलगाडीच्या जागी आता न्हावा-शेव्याचे कंटेनर आले, एमआयडीसीचे पंप आले. पायथा तिथेच आहे.

आता हा पंपाचा शाफ्ट तिरक्या बेडच्या मशीनवर घ्यायला जा. पहिली अडचण म्हणजे तो आत मावतच नाही. या मशीनच्या छोट्या मॉडेलमध्ये कातता येणारी लांबी बहुधा ३०० ते ५०० मिलिमीटर असते. आपला शाफ्ट ८००. समजा बुश आहे, मावतो. हायड्रॉलिक चकाचे जबडे काही मिलिमीटरच उघडतात, त्यामुळे नवीन माप आलं की जबडे सरकवा, मऊ जबडे असतील तर त्या मापाला पुन्हा बोअर करा. टूलचे ऑफसेट घ्या. प्रोग्रॅम लिहा, हवेत चालवून बघा, कारण टरेट चकावर आपटला तर बिल लाखात. तासाभराने प्रत्यक्ष कातायला लागतात चार मिनिटं. पाचशे पीस असते तर हा तास पाचशेत वाटला गेला असता. इथे तो एकट्या बुशच्या डोक्यावर बसतो.

आणि झिजलेली बैठक वेल्डिंगने भरून आणली असेल, तर ती कुठूनच गोल नसते. तिला स्वतंत्र जबड्यांचा चार जॉ चक लागतो, डायल लावून एकेक जबडा आवळत जॉब मध्यावर आणावा लागतो. ५० मिलिमीटरची बैठक के ६ फिटला काढायची म्हणजे माप ५०.००२ ते ५०.०१८ च्या आत. खिडकी १६ मायक्रॉनची. डोक्यावरचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. शेवटचा कट घेण्याआधी थांबायचं, जॉब थंड होऊ द्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, मग हाताने ऑफसेट द्यायचा. या कामात माणूस मशीनसमोर उभा असतोच. मग त्याला हँडल नसलेलं मशीन कशाला द्यायचं?

हप्त्याचा हिशेब तर कोणी मांडूनच दाखवत नाही. समजा २५ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५४ हजार ३५०. मशीन महिन्याचे २५ दिवस, रोज दहा तास फिरलं, तर तासाला २१७ रुपये नुसत्या हप्त्याचे. आमच्यासारखं सुटं काम करून ते रोज चार तासच फिरलं, तर तासाला साडेपाचशेच्या जवळ. त्यात वीज, इन्सर्ट, कूलंट, गाळ्याचं भाडं, माणसाचा पगार अजून धरलेलाच नाही. म्हणजे हे मशीन घेतलं की दहा तासांचं काम शोधत फिरणं आलं. ते कुठे मिळतं? ऑटो पार्टच्या व्हेंडरकडे, तेही पैशाच्या भावाने.

खरी मेख इथे आहे. ड्रॉइंगवर बनणारा, हजारांनी लागणारा पीस कुठेही बनतो. तो चाकणला बनतो, भोसरीला बनतो, राजकोट-कोइमतूरला बनतो. तिथे एकेकाकडे वीस-वीस मशीनं आहेत, दोन शिफ्ट चालतात आणि इन्सर्ट घाऊक भावाने येतात. त्यांच्याशी पनवेलचा एका मशीनचा गाळा पीसमागे पन्नास पैशांसाठी भांडणार आणि हरणार. पण रात्री बंद पडलेल्या पंपाचा शाफ्ट कोणी राजकोटला पाठवत नाही. त्या कामात आपलं संरक्षण अंतर करतं. कंपनीची लाइन उभी असते तेव्हा भाव करणाऱ्याचा आवाज वेगळा असतो, आणि पैसे द्यायलाही उशीर होत नाही. व्हेंडरकडचं बिल मात्र लटकतं. कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला सांगितलंय, २००६ पासून. कायदा दाखवून पैसे मागितलेल्या माणसाला पुढची ऑर्डर कोण देतं, हे तुम्हीच सांगा.

माझ्या ओळखीतल्या एकाने तळोज्यात असंच तिरक्या बेडचं मशीन टाकलं. एका पुरवठादाराने तोंडी कबूल केलेलं काम सात महिन्यांत आटलं. मशीनवर आता पांढरं प्लास्टिक घातलेलं आहे. गंमत अशी, की त्याच्याकडे आलेले लांब शाफ्ट तो आमच्या बाबांच्या जुन्या लेथवर पाठवतो. कमिशन नको म्हणतो, फक्त गिऱ्हाईक तुटू नये एवढंच.

या पोरांची अक्कल काढणाऱ्यांचा मला राग येतो, कारण सगळी व्यवस्थाच त्यांना त्या दिशेने ढकलते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा आहे आणि सेवेच्या प्रकल्पाला २० लाखांपर्यंत. आता मोडकं शाफ्ट नीट करणं हे उत्पादन की सेवा? आम्ही ज्या सल्लागाराकडे गेलो होतो, त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘उत्पादन लिहा, आणि वर्षाला बारा हजार बुश लिहा.’ बारा हजार कुठून आले? त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या कोणाची तरी फाइल होती, तिथून. त्या आकड्याला शोभेल असं मशीन मग कोटेशनमध्ये येतं. दुरुस्तीवर जगणाऱ्या गावात दुरुस्तीसाठी धड रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून तिच्यासाठी मशीनही नाही.

हा उत्पादनाचा रकाना फक्त आपल्या सरकारी फॉर्मात आहे असं समजू नका. सीएनसीच्या जन्मातच तो आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६-४७ च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने एक पद्धत बसवली. कसबी कारागिराने पहिला पीस हाताने काढायचा, त्याच्या हालचाली टेपवर रेकॉर्ड व्हायच्या, आणि मग मशीनने त्याच पुन्हा वाजवायच्या. रेकॉर्ड-प्लेबॅक असंच तिचं नाव. दुसरीकडे जॉन पार्सन्स नावाचा हेलिकॉप्टरची पाती बनवणारा उद्योजक आकड्यांवरून मशीन चालवायची कल्पना घेऊन हवाई दलाकडे गेला. १९४९ मध्ये त्याला कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. जिंकली ही दुसरी पद्धत.

डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ हे जाडजूड पुस्तक लिहून विचारलं, की का जिंकली? त्याचं उत्तर व्यवस्थापनाला झोंबणारं होतं. रेकॉर्ड-प्लेबॅकमध्ये अक्कल कारागिराच्या हातात राहत होती, म्हणजे संपाची ताकदही त्याच्याच हातात. आकड्यांच्या पद्धतीत अक्कल वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात जाते आणि खाली उरतो बटण दाबणारा. नोबलवर टीका झाली, आणि काही ठिकाणी ती रास्त आहे. विमानाच्या पंखाचे वेडेवाकडे वक्र हाताने एकदा काढून रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं, तिथे आकडेच हवे होते. पण पंपाच्या शाफ्टला विमानाच्या पंखाचा न्याय लावायचं कारण काय, हा प्रश्न उरतोच. (साहित्याच्या पानावर आहोत म्हणून सांगतो : कर्ट व्हॉनेगट तेव्हा जीईच्याच प्रसिद्धी खात्यात नोकरीला होता. कारागिराच्या हालचाली टेपवर उतरवून मग त्यालाच घरी बसवणाऱ्या जगाची त्याची पहिली कादंबरी, ‘प्लेयर पियानो’, आली १९५२ मध्येच.)

टूलरूम सीएनसी मला आवडतं ते यासाठी. पहिला कट हाताने घ्या, पटला तर तो लक्षात ठेवायला सांगा, पुढचा पीस मशीन काढेल. हरलेली पद्धत मागच्या दाराने परत आली आहे, आणि ती नेमकी आपल्या मापाची आहे. आयटीआयला टर्नरचा ट्रेड दोन वर्षांचा. पोरगा तिथे टूल घासायला शिकतो, मायक्रोमीटर वाचायला शिकतो, आणि बाहेर पडून सीएनसी ऑपरेटर होतो, म्हणजे दार उघड, तुकडा लाव, दार बंद. सहा महिन्यांत त्याच्या लक्षात येतं की हे काम कोणीही करू शकतं. मालकाच्या ते आधीच लक्षात आलेलं असतं, म्हणून तर पगार वाढत नाही.

इथे आमच्यातली जुनी मिस्त्री मंडळी खूश होऊन म्हणतील, बघा, हाताचा गुण तो हाताचा गुण. त्यांच्याशीही माझं पटत नाही. १९४१ मध्ये हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना निघाला, १९५३ मध्ये सरकारने एचएमटी काढली, आणि त्या मशीनांनी अर्धा महाराष्ट्र पोसला हे खरं. आमचा गाळाही त्यातच आला. पण टेपर काढायला कंपाउंड स्लाइड तिरकी करून तासभर हँडल फिरवणं, गोल डोकं नजरेने काढून मग फाइलने घासणं, विचित्र पिच आली की गिअर बदलत बसणं, यात कसला मोठेपणा? बाबांचा उजवा खांदा आज वर जात नाही, तो याच कौतुकामुळे. तेच टेपर आकडे भरून दहा मिनिटांत होत असेल, तर हाताचा गुण मापात आणि निर्णयात दिसू दे.

जुन्या लेथलाच मोटरी लावून सीएनसी करून देतो म्हणणारेही खूप भेटतात. स्वस्तात होतं. फक्त एक बघा : वर्षानुवर्षं छोटेच जॉब केलेल्या लेथचा बेड चकाजवळ झिजलेला असतो आणि टेलस्टॉकजवळ नवा कोरा. तुम्ही कितीही भारी बॉल स्क्रू टाका, टूल त्या खड्ड्यातूनच चालणार आणि शाफ्ट एका बाजूला जाड निघणार. आधी बेड ग्राइंड करून घ्यायचा खर्च विचारा, मग स्वस्त म्हणा.

कॅटलॉगबद्दल एकच सांगतो, कारण तिथे हमखास फसायला होतं. चिनी मशीनचं नाव सीके ६१४० असेल तर त्यातला ४० म्हणजे ४०० मिलिमीटर स्विंग. पण तो बेडवरचा. टूल जिच्यावर बसतं त्या क्रॉस स्लाइडवरून जाणारा स्विंग बराच कमी असतो, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, आणि लांब शाफ्टला तोच लागू. मोठ्या अक्षरात पहिला आकडा, बारीक अक्षरात दुसरा. स्पिंडलचं भोक किती आहे तेही बघा, कारण लांब बार त्यातूनच मागे जाणार. खराब झालेले आटे पुन्हा त्याच रेषेत पकडून साफ करायची सोय काही कंट्रोलरमध्ये असते, काहींत नसते. करंजाच्या बोटींचं काम करणाऱ्याने ती नसलेलं मशीन घेऊ नये. आणि कंट्रोलर फॅनुक की सिमेन्स यावर वाद घालण्यापेक्षा विचारा, ड्राइव्ह उडाली तर माणूस कुठून येतो आणि पार्ट कुठल्या गोडाऊनमध्ये आहे. आपल्याकडे जूनमध्ये पहिला पाऊस पडला की विजेचा लपंडाव सुरू होतो आणि पॅनलमध्ये दमट हवा शिरते. चांगलं अर्थिंग आणि स्टॅबिलायझर याचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा.

या मशीनचा दोषही सांगायला हवा. चक बऱ्यापैकी उघडा असतो. बंद दाराच्या मशीनमध्ये शर्टाची बाही ओढली जात नाही, इथे जाते. हातमोजे, गळ्यातली चेन, लांब बाही यातलं काहीही घालून याच्यासमोर उभं राहणाऱ्याला मी गाळ्यातून बाहेर काढतो, मग तो गिऱ्हाईक का असेना. आणि उद्या खरंच कोणी एकाच बुशची, महिन्याला पाचशेची, वर्षभराची लेखी ऑर्डर घेऊन आला, तर माझा हा लेख बाजूला ठेवा आणि तिरक्या बेडचं मशीन घ्या. लेखी म्हटलंय मी.

मशीन बघायला जाल तेव्हा शोरूममध्ये ते तुम्हाला ॲल्युमिनियमचं बुद्धिबळाचं प्यादं काढून दाखवतील. फार सुंदर निघतं, घरी न्यायला पण देतात. ते घ्या, आणि मग डिकीतून आपला शाफ्ट काढा : ८०० लांब, एका बाजूला वेल्डिंग भरलेलं, दुसऱ्या बाजूला आटे गेलेले. म्हणा, याची बैठक ५० के ६ करून द्या, प्रोग्रॅम न लिहिता, माझ्यासमोर, आणि किती वेळ लागतो ते मी घड्याळावर बघतो. विक्रेत्याने चार जॉ चक मागवला, तर खुर्ची ओढून बसा. ‘सर, हे जॉब-वर्कवाल्यांचं काम, आमचं मशीन प्रॉडक्शनचं आहे’ असं म्हणाला, तर त्याने खरं सांगितलं म्हणून आभार माना, चहा प्या आणि शाफ्ट उचलून निघा.